शापकथा आणि अनुपस्थित खेळाडू : बॉस्टनच्या बेसबॉल-चाहत्यांच्या चर्चाविश्वाची मीमांसा

१

खेळ हा चिन्हमीमांसेचा विषय होऊ शकतो, हे रोलां बार्थने १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मिथॉलॉजीज’ ह्या ग्रंथाच्या पहिल्याच निबंधात दाखवून दिले. तो निबंध व्यावसायिक कुस्तीच्या प्रयोगाविषयी आहे. त्यातील प्रेक्षक हा प्रयोगाचा भाग म्हणून येतो. तो ओरडतो, चिडतो, न्यायाची मागणी करतो. मात्र प्रयोग संपल्यानंतर हेच प्रेक्षक आपापसांत जे बोलतात, वाद घालतात, एकमेकांची मते खोडून काढतात, त्या बोलण्याकडे बार्थ वळत नाही. वस्तुतः खेळाला मिळणारा टिकाऊ अर्थ बहुतांशी ह्या नंतरच्या बोलण्यातच घडत असतो. सामना तीन तासांत संपतो. त्याचा अन्वयार्थ लावण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालू राहते.

अमेरिकेतील बेसबॉल-चाहत्यांचे वादविवाद ह्या दृष्टीने विशेष लक्षणीय ठरतात. ह्या वादांचे विषय स्थूलमानाने तीन असतात : कालपरवाचा सामना, संघाने केलेली खेळाडूंची देवघेव, आणि संघाचे एकूण यशापयश. तीन विषय म्हणजे कालाचे तीन पल्ले होत. सामन्याचा पल्ला एका संध्याकाळचा, देवघेवीचा काही वर्षांचा आणि यशापयशाचा कित्येकदा शतकाचा. चाहत्याचे कौशल्य असते ते हे तीन पल्ले एका सूत्रात ओवण्यात. काल सुटलेला झेल आणि तीन पिढ्यांपूर्वी विकलेला खेळाडू ह्यांच्यात तो नाते जोडतो. हे नाते जोडणे म्हणजेच कथन, आणि कथन आले की त्यामागून कार्यकारणभावाचा व दोषारोपाचा प्रश्न आलाच.

विसाव्या शतकाच्या आरंभी बॉस्टनमध्ये मायकेल मॅकग्रीव्ही नावाच्या गृहस्थाचे एक मद्यगृह होते. संघाच्या कडव्या चाहत्यांचा तो अड्डा. वाद हातघाईवर आला की मालक ‘नफ सेड’, म्हणजे ‘झाले तेवढे पुरे’, असे म्हणून निकाल देत असे आणि लोकांनी त्याचे नावच ‘नफ सेड’ असे पाडले होते. ही आख्यायिकेसारखी वाटणारी हकिगत एका सैद्धांतिक प्रश्नाचे मूर्त रूप आहे. स्टॅन्ले फिशने १९८० साली मांडलेल्या ‘अर्थनिर्णायक समुदाया’च्या संकल्पनेनुसार अर्थ संहितेत नसतो, वाचकाच्या खाजगी मनातही नसतो, तो समुदायाच्या संकेतांतून निष्पन्न होतो. मग ‘आता पुरे’ असे म्हणण्याचा अधिकार कोणाचा? आणि वाद जेथे थांबवला जातो, त्या जागेच्या पलीकडे कोण उरते? बॉस्टनच्या ‘रेड सॉक्स’ संघाभोवती रचल्या गेलेल्या शापकथेचा विचार ह्या प्रश्नांच्या रोखाने करावयाचा आहे.

२

प्रथम देवघेवीचे स्वरूप पाहू. बेसबॉलमध्ये एखादा संघ आपला खेळाडू दुसऱ्या संघाला देतो आणि त्याच्या मोबदल्यात एक वा अनेक खेळाडू, क्वचित रोकड रक्कम, घेतो. ह्या व्यवहाराला ‘ट्रेड’ म्हणतात. चाहत्यांच्या चर्चेत सामन्याइतकीच, कित्येकदा त्याहून अधिक जागा ह्या ट्रेडला मिळते. ह्याचे कारण असे की, सामन्याचा निकाल धावफलक देतो, ट्रेडचा निकाल देणारा धावफलक मात्र नसतो. तो निकाल चर्चेलाच द्यावा लागतो, आणि तो पुनःपुन्हा बदलावा लागतो.

आर्थर डान्टो ह्या तत्त्वज्ञाने १९६५ साली इतिहासाच्या भाषेविषयी विवेचन करताना ‘कथनात्मक विधान’ ही संकल्पना मांडली. एखाद्या घटनेचे वर्णन तिच्यानंतर घडलेल्या घटनेच्या आधारे करणारे विधान म्हणजे कथनात्मक विधान. ‘तीस वर्षांचे युद्ध १६१८ साली सुरू झाले’, हे विधान १६१८ साली कोणालाही करता आले नसते. युद्ध तीस वर्षे चालले हे कळल्यावरच ते करता येते. घटनेचा प्रत्यक्ष साक्षीदार कितीही सर्वज्ञ असला तरी तिच्याविषयीची ही सत्ये त्याला अप्राप्यच राहतात.

ट्रेडविषयीचे चाहत्यांचे प्रत्येक महत्त्वाचे विधान ह्या जातीचे असते. ऑगस्ट १९९० मध्ये बॉस्टनने ह्यूस्टनच्या संघाकडून लॅरी अँडरसन हा अनुभवी पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू, घेतला आणि बदल्यात दुय्यम संघांत खेळणारा जेफ बॅगवेल नावाचा तरुण दिला. अँडरसनने उरलेल्या हंगामात उत्तम कामगिरी केली आणि बॉस्टनने आपला विभाग जिंकला. त्या वेळच्या संहितेत ही देवघेव यशस्वी होती. पुढे बॅगवेल १९९४ साली नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि २०१७ साली त्याला कूपर्सटाउनच्या सन्मानदालनात स्थान मिळाले. आज ह्याच व्यवहाराचा उल्लेख बॉस्टनच्या ठळक चुकांच्या यादीत होतो. व्यवहार तोच, त्याच्यापुढे जोडले गेलेले प्रकरण बदलले आणि त्याबरोबर त्याचा अर्थही उलटला.

ह्याच्या विरुद्ध उदाहरण २००४ सालचे आहे. ३१ जुलै २००४ रोजी बॉस्टनने नोमार गार्सियापारा ह्या अत्यंत लोकप्रिय खेळाडूला शिकागोकडे पाठवले. त्या दिवशी चाहत्यांनी शोक केला. त्याच दिवशी डेव्ह रॉबर्ट्‌स नावाचा वेगवान धावपटू गाजावाजा न होता संघात आला. १७ ऑक्टोबरला न्यूयॉर्क यँकीजविरुद्ध बॉस्टन तीन सामन्यांनी मागे होते, चौथ्याचा नववा डाव चालू होता आणि पराभव समोर दिसत होता. अशा वेळी रॉबर्ट्‌सने दुसरा टप्पा चोरला आणि लगेच बरोबरीची धाव पूर्ण केली. बॉस्टनने तो सामना, ती मालिका आणि पुढे वर्ल्ड सिरीजही जिंकली. जुलैतील शोक ऑक्टोबरात दूरदृष्टीचा पुरावा झाला. कथेचा शेवट कळल्याखेरीज तिच्या आरंभाला अर्थ येत नाही, हे फ्रँक कर्मोडने १९६७ साली कादंबरीविषयी सांगितलेले तत्त्व येथे शब्दशः लागू पडते. फरक इतकाच की, बेसबॉलला शेवट नाही. पुढल्या एप्रिलमध्ये नवा हंगाम येतो आणि अर्थ पुन्हा सैल होतो.

३

आता शापकथेकडे वळता येईल. तिचा गाभा सर्वपरिचित आहे. बॉस्टनने १९०३, १९१२, १९१५, १९१६ आणि १९१८ साली वर्ल्ड सिरीज जिंकली. नंतर संघाचा मालक हॅरी फ्रेझी ह्याने बेब रूथ ह्या खेळाडूला यँकीजला एक लक्ष डॉलर रोख घेऊन विकले. हा करार डिसेंबर १९१९ मध्ये झाला आणि जानेवारी १९२० मध्ये जाहीर करण्यात आला. रूथने १९१९ साली २९ होम रन मारून विक्रम केला होता. न्यूयॉर्ककडून १९२० साली त्याने ५४ मारले. तोवर एकदाही वर्ल्ड सिरीज न जिंकलेल्या यँकीजने २००० सालापर्यंत ती २६ वेळा जिंकली. बॉस्टनच्या वाट्याला मात्र १९४६, १९६७, १९७५ आणि १९८६ ह्या चार वर्षी अंतिम मालिकेतील पराभव आले, आणि चारही सातव्या, म्हणजे शेवटच्या सामन्यात. रूथचे टोपणनाव ‘बँबिनो’. म्हणून हा ‘बँबिनोचा शाप’.

ह्या कथेविषयी पहिली लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की, ती जितकी जुनी वाटते तितकी जुनी नाही. रूथच्या विक्रीबद्दलची हळहळ जुनी असली, तरी शाप ही संज्ञा रूढ झाली ती १९८६ च्या पराभवानंतर. वृत्तपत्रांतून ती पुढे आली आणि डॅन शॉनेसी ह्या बॉस्टनच्या पत्रकाराने १९९० साली त्याच नावाचे पुस्तक लिहिल्यावर ती सर्वतोमुखी झाली. म्हणजे १९४६ साली हरलेला संघ शापित म्हणून हरला नव्हता. तो चाळीस वर्षांनंतर शापित झाला.

त्यापूर्वी प्रत्येक पराभवाचे कथानक वेगळे होते. १९४६ च्या सातव्या सामन्यात सेंट लुइसचा इनॉस स्लॉटर धावत सुटला असताना जॉनी पेस्कीने चेंडू क्षणभर हातात धरून ठेवला, अशी समजूत होती आणि दोष पेस्कीच्या माथी होता. १९६७ चे कथानक तर शोकात्मच नव्हते. १९६६ साली दहा संघांत नववा असलेला संघ दुसऱ्याच वर्षी लीगचा विजेता झाला. लोकांनी त्या हंगामाला ‘अशक्यप्राय स्वप्न’ म्हटले, आणि अंतिम पराभव हा त्या अद्भुतरम्य कथेचा केवळ उपसंहार ठरला. हेडन व्हाइटने १९७३ च्या ‘मेटाहिस्टरी’त प्रतिपादन केले आहे की, घटनांची तीच मालिका शोकात्मिका, सुखात्मिका, अद्भुतकथा किंवा उपरोधिका ह्यांपैकी कोणत्याही साच्यात बसवता येते; साच्याची निवड घटना करीत नाहीत, इतिहासकार करतो. शापकथेने नेमके हेच केले. भिन्न भिन्न साच्यांतले चार पराभव तिने एका साच्यात ओतले. १९६७ चे स्वप्न आता शापाचा दुसरा प्रहर झाले.

दुसरी गोष्ट कार्यकारणाची. जे नंतर आले ते त्यामुळेच आले असे भासवणे हा कथनाचा स्वभावच आहे, असे बार्थने १९६६ च्या कथनविषयक प्रबंधात दाखवले आहे. भारतीय तर्कपरंपरेत ह्या भ्रमाला काकतालीय न्याय हे नाव आहे. नैयायिकांनी तर कारणाचे लक्षण करताना केवळ पूर्ववर्ती असणे पुरेसे मानले नाही. ते पूर्ववर्तित्व नियत हवे आणि अन्यथासिद्ध नसावे अशी अट घातली. माती वाहून आणणारे गाढव त्या घटाच्या आधी असते खरे, पण म्हणून ते घटाचे कारण होत नाही. ह्या कसोटीवर १९१९ ची विक्री कोठवर टिकते? पुढील दशकातील दुर्दशेचे ती निःसंशय एक कारण आहे. १९२२ ते १९३२ ह्या अकरा हंगामांपैकी नऊ हंगामांत बॉस्टन आपल्या लीगमध्ये तळाला होते. पण तेथेही ती एकटी नाही. वेट हॉइट, हर्ब पेनॉक असे इतरही मोठे खेळाडू त्या वर्षांत बॉस्टनहून न्यूयॉर्कला गेले. १९४६ साली मात्र बॉस्टनकडे टेड विल्यम्ससारखा खेळाडू होता, रूथ निवृत्त होऊन दशक उलटले होते आणि फ्रेझी हयात नव्हता. १९४६ नंतरच्या पराभवांच्या बाबतीत रूथची विक्री ही कुंभाराच्या गाढवासारखी आहे : आधी घडलेली, पण अन्यथासिद्ध.

४

कथेला पाप हवे तसा पापी हवा आणि बळीही हवा. शापकथेचा पापी फ्रेझी. तो नाट्यनिर्माता होता. ‘नो, नो, नॅनेट’ ह्या संगीत नाटकाच्या भांडवलासाठी त्याने रूथला विकले, असे चाहत्यांच्या चर्चेत वर्षानुवर्षे सांगितले गेले. हे नाटक ब्रॉडवेवर आले १९२५ साली, आणि फ्रेझीने संपूर्ण संघच १९२३ साली विकला होता. कालक्रमातील ही विसंगती चर्चेला खटकली नाही, कारण कथेची गरज कालक्रमाची नव्हती, स्वभावचित्राची होती : पैशापायी पवित्र वस्तू विकणारा, नाटकी दुनियेतला परका माणूस. ह्या स्वभावचित्राची एक काळी बाजूही आहे. हेन्री फोर्डच्या ‘डिअरबॉर्न इंडिपेंडंट’ ह्या साप्ताहिकाने १९२१ साली बेसबॉलच्या कथित अधःपाताचे खापर ज्यूंवर फोडणारे लेख छापले आणि त्यांत फ्रेझीलाही ओढले. फ्रेझी ज्यू नव्हता. परंतु दोषी कोण हे आधी ठरवून त्याला मग ओळख बहाल करावयाची, ही पूर्वग्रहाची रीतच आहे. ग्लेन स्टाउट आणि रिचर्ड जॉन्सन ह्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या संघाच्या इतिहासात ह्या प्रतिमेची पुनर्तपासणी झाली.

बळी ठरला बिल बकनर. २५ ऑक्टोबर १९८६ च्या रात्री, सहाव्या सामन्याच्या दहाव्या डावात, न्यूयॉर्क मेट्‌सविरुद्ध बॉस्टन ५-३ असे पुढे होते. मेट्‌सचे दोन गडी बाद झालेले, एकही धावपटू टप्प्यावर नाही. वर्ल्ड सिरीजचा विजय एका गड्याच्या अंतरावर होता. मग लागोपाठ तीन फटके बसले. एक धाव झाली. त्यानंतर बॉब स्टॅन्लीने टाकलेला चेंडू भरकटला आणि बरोबरीची धाव झाली. त्यानंतर मूकी विल्सनने मारलेला संथ जमिनीलगतचा चेंडू बकनरच्या दोन पायांमधून निघून गेला आणि मेट्‌स ६-५ जिंकले.

ह्या क्रमाकडे नीट पाहिले असता स्पष्ट होते की, चेंडू बकनरकडे आला तेव्हा बॉस्टनची आघाडी आधीच संपलेली होती. त्याने तो अडवून गडी बाद केला असता तर सामना अकराव्या डावात गेला असता, इतकेच. शिवाय सातवा सामना उरला होता. त्यात बॉस्टनने ३-० अशी आघाडी घेतली आणि मग तो ८-५ असा गमावला. तरीही समुदायाच्या स्मृतीत १९८६ म्हणजे बकनरचे पाय. ॲरिस्टॉटलने शोकनायकाच्या प्रमादाची चर्चा केली आहे. पण तेथे प्रमाद नायकाच्या कृतीत असतो आणि त्याचे परिणाम त्या कृतीतून उलगडतात. येथे अनेकांच्या प्रमादांची बेरीज एका शरीरावर मांडली गेली, कारण ते दृश्य दूरचित्रवाणीवर पुनःपुन्हा दाखवता येण्याजोगे होते. बकनरने कारकिर्दीत २७१५ फटके मारले होते, १९८० साली तो नॅशनल लीगमधील सर्वोत्तम सरासरीचा फलंदाज होता. ह्या साऱ्याचे वजन त्या एका क्षणापुढे शून्य झाले. ८ एप्रिल २००८ रोजी तो बॉस्टनच्या फेनवे पार्कवर हंगामाचा पहिला चेंडू टाकण्यासाठी आला तेव्हा प्रेक्षकांनी उभे राहून त्याचे स्वागत केले. ते स्वागत हृद्य होते ह्यात शंका नाही. पण तोवर संघाने २००४ आणि २००७ साली वर्ल्ड सिरीज जिंकली होती. कथेला बळीची गरज उरली नाही, तेव्हा क्षमा सुलभ झाली.

येथे रसचर्चेतील एक मुद्दा उपयुक्त ठरतो. अभिनवगुप्ताने रसास्वादातील विघ्नांची गणना करताना स्व-परभावाच्या आग्रहाचा निर्देश केला आहे : ‘हे माझे’, ‘हे परक्याचे’ अशी जाणीव प्रबळ असेल तर साधारणीकरण होत नाही. चाहता हा ह्या अर्थाने सहृदय नव्हे. तो ‘संघ हरला’ असे म्हणत नाही, ‘आपण हरलो’ असे म्हणतो. त्याच्या समीक्षेची ऊर्जा ह्या ‘आपण’मध्ये आहे आणि तिची अंधता देखील तेथेच आहे. ‘आपण’ म्हणणाऱ्याला पराभवाचे कारण ‘आपल्या’बाहेर हवे असते : परका मालक, एक अपघाती चूक, किंवा अलौकिक शाप.

५

शापकथेतील खरे मौन ह्या ‘आपण’च्या सीमेवर आहे. १६ एप्रिल १९४५ रोजी फेनवे पार्कवर तीन कृष्णवर्णीय खेळाडूंची चाचणी घेण्यात आली : जॅकी रॉबिन्सन, सॅम जेथ्रो आणि मार्विन विल्यम्स. ही चाचणी संघाने आपखुशीने घेतली नव्हती. इझाडोर मचनिक ह्या नगरसेवकाचा दबाव आणि वेंडेल स्मिथ ह्या पत्रकाराचे परिश्रम त्यामागे होते. खेळाडूंना संघाकडून पुढे काहीही कळवण्यात आले नाही. दोन वर्षांनी, १५ एप्रिल १९४७ रोजी, रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला आणि बेसबॉलची वर्णभिंत कोसळली. जेथ्रो १९५० साली नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरला, आणि तोही बॉस्टनमध्येच, त्या शहराच्या ‘ब्रेव्ह्‌ज’ ह्या दुसऱ्या संघाकडून खेळताना. रेड सॉक्सने पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, पम्प्सी ग्रीन, मैदानात उतरवला तो २१ जुलै १९५९ रोजी. प्रमुख लीगमधील सर्व संघांत हा संघ शेवटचा होता.

हा इतिहास अज्ञात नव्हता. तरीही शापकथेत त्याला स्थान मिळाले नाही. ह्याचे कारण केवळ संकोच वा लपवाछपवी असे मानणे अपुरे आहे. ते कारण चर्चेच्या व्याकरणातच आहे. ट्रेडच्या व्याकरणाला देणारा, घेणारा आणि दिली गेलेली वस्तू, अशी तीन पदे लागतात. रूथ ह्या व्याकरणात सहज बसतो : तो होता, विकला गेला, परक्याकडे जाऊन मोठा झाला. न घेतलेला खेळाडू ह्या वाक्यात कोठेच बसत नाही. तो व्यवहाराच्या नोंदीत नाही, धावफलकात नाही, सरासरीच्या तक्त्यात नाही.

पदार्थमीमांसेतील अभावविचार हा भेद नेमकेपणाने पकडतो. जे होते आणि नाहीसे झाले त्याचा अभाव हा प्रध्वंसाभाव; जे ह्या ठिकाणी कधीच नव्हते त्याचा अभाव हा अत्यंताभाव. रूथचा बॉस्टनमधील अभाव पहिल्या जातीचा म्हणता येईल, रॉबिन्सनचा दुसऱ्या. प्रध्वंसाभावाची कथा होऊ शकते, कारण त्याला आरंभ आहे. अत्यंताभावाला आरंभ नाही, म्हणून त्याची कथा होत नाही. शिवाय अभावाचे ज्ञान होण्यासाठी योग्यानुपलब्धी लागते : ती वस्तू तेथे असती तर दिसली असती, अशी अपेक्षा पाहणाऱ्याच्या ठायी हवी. रॉबिन्सनने बॉस्टनमध्ये असावयास हवे होते, ही अपेक्षाच ज्या ‘आपण’मध्ये नव्हती, त्याला त्याचे नसणे दिसणार कसे?

आकड्यांच्या समीक्षेनेही ही उणीव भरून काढली नाही, हे नमूद करावयास हवे. बिल जेम्सने १९७७ पासून स्वतः छापून काढलेल्या वार्षिकांतून बेसबॉलच्या संख्याशास्त्रीय मीमांसेची पायाभरणी केली. पुढे २००२ साली रेड सॉक्सनेच त्याला सल्लागार म्हणून घेतले. ह्या पद्धतीने शापासारख्या कल्पना निकालात काढल्या, निर्णायक क्षणांची मिथके तपासली, ट्रेडचे मूल्यमापन भावनेपासून सोडवले. परंतु संख्या मोजते ती घडलेल्या खेळाला. न खेळू दिलेल्या खेळाची सरासरी निघत नाही. कथनवादी चाहता आणि संख्यावादी चाहता परस्परांचे कट्टर विरोधक भासले, तरी नोंद हीच दोघांच्या दृष्टीची सीमा आहे. नोंदीबाहेरचे प्रकाशात आणण्याचे काम हॉवर्ड ब्रायंटने २००२ साली ‘शट आउट’ ह्या पुस्तकात केले. त्याने बॉस्टनच्या बेसबॉलचा इतिहास वर्णभेदाच्या अंगाने लिहिला, आणि शापाऐवजी निर्णयांविषयी व निर्णय घेणाऱ्या माणसांविषयी बोलण्याची भाषा उपलब्ध करून दिली.

६

येथे एक आक्षेप संभवतो. शापाच्या जागी वर्णभेद ठेवला तर तीच कथा नव्या कारणाने पुन्हा सांगितल्यासारखे होणार नाही का? आक्षेप गंभीर आहे. १९४६ साली कोणत्याच प्रमुख संघात कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. त्या पराभवाचे कारण ह्या धोरणात शोधता येत नाही. १९६७ च्या संघात जॉर्ज स्कॉट आणि रेगी स्मिथ होते. १९८६ च्या दहाव्या डावाशी १९४५ च्या चाचणीचा धागा जोडणे हे पुन्हा काकतालीयच होईल. १९४८ साली बॉस्टन लीगच्या निर्णायक सामन्यात क्लीव्हलंडकडून हरले आणि क्लीव्हलंडकडे लॅरी डोबी व सॅचेल पेज हे कृष्णवर्णीय खेळाडू होते, हे खरे. तेथे कारणाची शक्यता अधिक सबळ आहे. परंतु एवढ्यावरून संघाच्या ८६ वर्षांच्या अपयशाची उपपत्ती लागत नाही.

वस्तुतः अशी उपपत्ती लावण्याचा आग्रहच सोडावयास हवा. ‘वर्णभेदामुळे आपण हरलो’ हे विधान वरवर पुरोगामी वाटते. पण त्यात वर्णभेदाचा दोष हा की तो महागात पडला, असे गृहीत आहे. म्हणजे तो फायद्याचा ठरता तर आक्षेप उरला नसता. यँकीजनेही आपला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, एल्स्टन हॉवर्ड, १९५५ सालापर्यंत मैदानात उतरवला नव्हता, आणि त्या अवधीत ते वारंवार जिंकत होते. त्यांच्या विजयांनी तो विलंब न्याय्य ठरत नाही. अन्यायाचा पुरावा पराभवात शोधणे हे चाहत्याच्या चर्चाविश्वाचे शेवटचे बंधन आहे : त्यात प्रत्येक गोष्टीचे माप यशापयश. रॉबिन्सनला बॉस्टनने नाकारले ह्याचा अर्थ बॉस्टनने काय गमावले, एवढाच घेतला, तर रॉबिन्सन पुन्हा एकदा न मिळालेली मालमत्ता ठरतो. त्याच्या बाजूने ती घटना काय होती, हा प्रश्न उरतोच. आणि तो विचारावयाचा तर ‘आपण’ ह्या सर्वनामाच्या बाहेर यावे लागते.

२००४ च्या विजयाने शाप संपला असे जाहीर झाले. २०१८ साली संघाने चौथ्यांदा ह्या शतकातील वर्ल्ड सिरीज जिंकली. त्याच वर्षी मैदानालगतच्या रस्त्याला असलेले माजी मालक टॉम यॉकीचे नावही काढण्यात आले. १९४५ आणि १९५९ ह्या दोन्ही वर्षी संघ यॉकीच्या मालकीचा होता. विजय आणि नामांतर ह्यांच्यात कार्यकारणसंबंध नाही; पण एका संहितेच्या दोन वाचनांचे ते शेजारशेजारचे शेवट आहेत.

पुढे फेब्रुवारी २०२० मध्ये बॉस्टनने मूकी बेट्‌स ह्या २०१८ च्या सर्वोत्तम खेळाडूला लॉस एंजेलिस डॉजर्सला देऊन टाकले. रूथच्या विक्रीला बरोबर शंभर वर्षे झाली होती. चाहत्यांच्या चर्चेत जुनी तुलना तत्काळ अवतरली आणि डॉजर्सनी त्याच वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकल्यावर ती पक्की झाली. कथानक तयारच होते. नवे नाव तेवढे त्यात बसवावयाचे होते. पण हा व्यवहार आणखी एका स्मृतीशी जोडता आला असता. ज्या कृष्णवर्णीय खेळाडूच्या जाण्याने बॉस्टन हळहळले, तो गेला त्याच डॉजर्सकडे, ज्यांनी ब्रुकलिनमध्ये असताना, बॉस्टनने न घेतलेल्या रॉबिन्सनला मैदानात उतरवले होते. पंच्याहत्तर वर्षांपूर्वी ज्याच्या न येण्याची हळहळ ह्या समुदायाला वाटली नाही, त्याच वर्णाच्या खेळाडूच्या जाण्याने आता समुदाय व्याकूळ झाला, हा बदल लहान नव्हे. ‘आपण’ची सीमा खरोखरच सरकली आहे. तथापि तुलना सुचली ती रूथचीच. मद्यगृहाच्या मालकाने ‘आता पुरे’ म्हणावे आणि वाद थांबावा, तशी ही शापकथा अजूनही चर्चेला एका ठराविक जागी थांबवते. समीक्षेचे काम त्या जागेपासून सुरू होते.